पशुवैद्यकांच्या संघटनेचे प्रश्न आले कुठून?

पशुवैद्यकांच्या राज्य संघटनेचं अध्यक्षपद माझ्याकडे होतं, तेव्हा मंत्रालयात दिलेल्या जवळपास प्रत्येक निवेदनात तीन मुद्दे ठरलेले असायचे: रिक्त पदं, माणसांच्या डॉक्टरांच्या बरोबरीचा दर्जा, आणि पदविकाधारकांनी कोणते उपचार करायचे याची हद्द. नव्या सदस्यांना हे प्रश्न अलीकडचे वाटतात. एखादा शासन निर्णय निघाला की सुटतील, अशी त्यांची समजूत असते. पण आपला व्यवसाय या देशात कोणी, कशासाठी उभा केला हे पाहिलं, की तिन्ही प्रश्नांची मुळं तिथेच सापडतात.

सुरुवात शेतकऱ्याच्या गोठ्यातून झाली नाही, लष्कराच्या तबेल्यातून झाली. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली ती घोड्यांसाठी. गावात गुरं दुखली तर जाणता म्हातारा, धनगर नाहीतर सालोत्री (पिढीजात गुरांचा वैदू) हाच आधार होता. सरकारचं लक्ष गुरांकडे वळवलं ते बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाने. तिची साथ आली की गावंच्या गावं बैलांविना पडायची. शेत नांगरलं जात नसे आणि शेतसारा बुडायचा. १८७१ च्या गुरांच्या साथीविषयीच्या आयोगामागे शेतकऱ्याच्या दुःखापेक्षा बुडणाऱ्या महसुलाची काळजी मोठी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईत मात्र लोकांनीही हात दिला. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. ते लष्करातलेच. त्या काळात मुंबईची ट्राम घोडे ओढत होते आणि गोदीतला माल बैलगाड्यांवर होता, त्यामुळे शिकाऊ विद्यार्थ्यांना रुग्णांची वाण नव्हती. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली आणि १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

परळहून जी.बी.व्ही.सी. (मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीधर) होऊन बाहेर पडणारा तरुण सरकारी नाहीतर संस्थानी नोकरीतच जायचा. गावात फी देऊन जनावर दाखवण्याची ऐपत कोणाची होती? वकिलांची आणि डॉक्टरांची मंडळं स्वतःची प्रॅक्टिस करणाऱ्यांनी काढली. पशुवैद्यक एकत्र आले ते मुख्यतः एकाच खात्याचे नोकर म्हणून. त्यामुळे वेतनश्रेणी, बढती, बदल्या हे विषय संघटनेच्या अंगवळणी पडले आणि व्यवसायाचा दर्जा, उपचारांची गुणवत्ता, खासगी पशुवैद्यकाचं संरक्षण हे मागे राहिले. ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे ऐकायला आवडत नसे, तरी मी बैठकांमध्ये ते बोलत आलो.

रिक्त पदांचं गणितही जुनंच आहे. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने २५,००० गुरांमागे एक पशुवैद्यक असावा असं सुचवलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने तो आकडा ५,००० पशुघटकांवर आणला (एक गाय किंवा म्हैस म्हणजे एक घटक). २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाईबैल आणि ५६ लाख म्हशी आहेत. शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या सोडून दिल्या तरी या हिशेबाने जवळपास ३,९०० पशुवैद्यक लागतात. शिष्टमंडळ घेऊन गेलो की हेच दोन आकडे मी पहिल्यांदा टेबलावर ठेवत असे.

या सगळ्यात आमच्या व्यवसायाने केलेलं सगळ्यात मोठं काम लोकांच्या लक्षातच राहिलं नाही, याची मला खंत आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये वाढवून त्यापासून लस केली. १९५४ पासून देशभर निर्मूलनाची मोहीम चालली. बर्फ घातलेला थर्मास खांद्याला लावून, एस.टी. जिथे थांबेल तिथून पुढे पायी, माळावर गोळा केलेली गावाची सगळी गुरं दुपारच्या आत टोचायची, कारण बर्फ वितळला की लस वाया. आमच्या आधीच्या पिढीने वर्षानुवर्षं हे केलं. १९९५ नंतर देशात बुळकांडीचा रुग्ण सापडला नाही. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. आजच्या पशुपालकाला बुळकांडी माहीत आहे ती बहुधा शिवी म्हणून.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि आमचं घर दोन चुलींत विभागलं. काही दवाखाने राज्य शासनाकडे राहिले, काही जिल्हा परिषदेकडे गेले. पदवी एक, काम एक, पण साहेब वेगळे आणि औषधखरेदीची वाटही वेगळी. त्यात श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी आणि श्रेणी २ मध्ये पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक अशी रचना झाली, आणि श्रेणी २ चे दवाखाने संख्येने जास्त झाले. पुढे १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ ही संस्था सुरू केली. संकरित पैदाशीसाठी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात गेलं ते प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हातून. दूध वाढलं, संसार उभे राहिले. पशुपालकाच्या लेखी मात्र गायीला हात लावणारा प्रत्येक जण ‘डॉक्टर’ झाला.

कायदा बराच उशिरा आला, आणि त्यालाही कारण आहे. पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हे विषय राज्यघटनेत राज्यसूचीच्या १५ व्या नोंदीत आहेत. त्यामुळे संसदेला आपण होऊन कायदा करता येत नव्हता. काही राज्यांनी ठराव केल्यावर १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा झाला आणि महाराष्ट्राने तो नंतर स्वीकारला. आपली राज्य परिषद नागपूरला आहे. या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकालाच व्यवसाय करता येतो. मात्र त्याच कलमाने एक वाट ठेवली आहे: राज्य शासनाच्या आदेशाने पदविका किंवा प्रमाणपत्रधारक नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देऊ शकतो. सगळा वाद ‘किरकोळ’ आणि ‘देखरेख’ या दोन शब्दांभोवती फिरतो. २०२१ च्या पावसाळ्यात पशुधन पर्यवेक्षक आंदोलनात उतरले तेव्हाही मुळाशी हेच होतं.

अडलेल्या गायीचं उदाहरण घ्या. वासराचे दोन्ही पुढचे पाय दिसताहेत, पण मान मागे वळलेली आहे. अशा वेळी आधी शेपटीच्या मुळाशी भूल द्यायची, मग खांद्यापर्यंत हात आत घालून, दोन कळांच्या मधल्या सवडीत वासरू मागे ढकलायचं, जबडा धरून मान सरळ करायची, आणि त्यानंतरच ओढायचं. तसंच ओढलं तर गर्भपिशवी फाटते, आणि गाय वासरासकट जाते. हे किरकोळ काम नव्हे, यावर मी कधीच तडजोड केली नाही. पण रात्री दोन वाजता ज्या वाडीवर चाळीस किलोमीटरच्या आत पदवीधर नाही, तिथे गोठ्यात कंदील धरून उभा असतो तो पर्यवेक्षकच. त्याच्याविरुद्ध घोषणा देऊन आपली रिक्त पदं भरत नाहीत, हेही मी आपल्याच व्यासपीठावरून सांगितलं. टाळ्या कमी मिळाल्या. तरी माझं मत तेच आहे.

दर्जाच्या मागणीत व्यवसायरोध भत्त्याचा (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणाऱ्या भत्त्याचा) मुद्दा नेहमी पुढे असतो. मला त्याहून जवळचा वाटतो तो जोखमीचा. अडकलेली वार काढताना ब्रुसेलाचे जंतू अंगात घेतलेले, सांधे धरून वर्षानुवर्षं तापाने फणफणणारे सहकारी मी पाहिले आहेत. पिसाळलेल्या जनावराच्या तोंडात हात घालून तपासणाऱ्याला रेबीजची लस आधी मिळायला हवी, ही काही चैनीची मागणी नाही. शिवाय आता पदवीच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे. त्या नोकरीला जातात त्या दवाखान्यांत जनावर अडकवायचा खोडा आणि औषधांचं कपाट असतं, स्वच्छतागृह असेलच असं नाही. ते बांधले गेले तेव्हा तिथे बाई डॉक्टर येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. संघटनेच्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा आला तोही फार उशिरा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने डोकं वर काढलं आणि बघता बघता राज्य व्यापलं. शेळ्यांच्या देवीची लस वापरून राज्यातला जवळजवळ सगळा गोवंश टोचायचा होता. त्या काही आठवड्यांत राज्य शासनाचे, जिल्हा परिषदेचे, पर्यवेक्षक, खासगी पशुवैद्यक आणि आंतरवासितेतली मुलं-मुली एकाच यादीवर काम करत होती. यादीत जो गावाजवळ, तो आधी गेला. माझ्या दृष्टीने संघटनेच्या घटनेत बदल सुचवण्याची योग्य वेळ तीच होती: खासगी पशुवैद्यकांना पूर्ण सदस्यत्व आणि मताचा हक्क, आणि किरकोळ सेवांची यादी पर्यवेक्षकांच्या प्रतिनिधींसोबत बसून ठरवणं. पहिला ठराव बऱ्याच चर्चेनंतर मंजूर झाला. दुसऱ्यावर दोन बैठका झाल्या, यादीतल्या लसीकरण, जखमेचं ड्रेसिंग, खच्चीकरण अशा बाबींवर एकमत झालं. प्रसूती आणि शस्त्रक्रियेच्या नोंदी अजून कंसात, म्हणजे अनिर्णित आहेत, आणि ते काम आता नव्या कार्यकारिणीकडे आहे.