झाडीपट्टीतील कौटुंबिक संगीत नाटक आणि त्यातली परीकथा

पूर्व विदर्भात धान कापून, मळून घरात आले की रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतला जंगल-तलावांचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथे दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, अशा निमित्ताने गावोगाव प्रयोग लागतात. फलकावर 'संगीत' आणि 'कौटुंबिक' हे शब्द हमखास दिसतात. गोष्ट मात्र बहुतेक वेळा परीकथेच्या वळणाची असते, आणि या नाटकाची सगळी विलक्षण गोडी त्या वळणात आहे.

मराठी परीकथेत पंखवाल्या पऱ्या फारशा नाहीत. तिची सुरुवात 'आटपाट नगर होतं' अशी होते आणि संकट घरातूनच येते. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाच्या चार सुनांपैकी तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टे खायला, जाडेभरडे नेसायला, राहायला गुरांचा गोठा. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, व्रत सांगतात आणि शेवटी तिच्या प्रार्थनेने देऊळ सोन्याचे होते. झाडीपट्टीच्या नाटकातली थोरली सून हीच. फक्त राजाच्या जागी गावचा पाटील किंवा सावकार असतो, सावत्र सासू असते, शहरात शिकून आलेला आणि कान भरलेला नवरा असतो. देवकन्येचे काम कधी गरीब मामा करतो, कधी खाकी वर्दीतला इन्स्पेक्टर. हा इन्स्पेक्टर लहानपणी जत्रेत हरवलेला भाऊ निघाला, तरी कोणी 'असे कुठे घडते का' म्हणत नाही. शेवट ठाऊक असूनही बाया पदराने डोळे पुसतात. यात भाबडेपणा आहे असे शहरी समीक्षक म्हणतील. पण कहाणीचा शेवट ठाऊक आहे म्हणून श्रावणात ती ऐकायचे कोणी सोडत नाही.

प्रयोग रात्री नऊ-दहाच्या पुढे उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. एवढी रात्र एकट्या दुःखावर काढता येत नाही. म्हणून सुनेला घराबाहेर काढल्याच्या प्रवेशाला लागून विनोदी नोकराचा प्रवेश येतो, त्याला लागून लावणी, आणि मग पुन्हा रडे. हे सांधे झाकायचा कोणी प्रयत्न करत नाही. नायक-नायिका छापील मराठीत बोलतात. नोकर झाडीबोलीत बोलतो, 'ण'चा सरळ 'न' करतो, आणि त्याच्या तोंडी आलेले गावातले टोमणे सगळ्यांत जास्त टाळ्या घेतात.

गाण्याची भिस्त ऑर्गन आणि तबल्यावर असते. ऑर्गनवाला रंगमंचाच्या कडेला बसून नटाच्या ओठांकडे पाहत असतो. संवादाचा आवाज चढू लागला की तो पट्टी धरून ठेवतो आणि शेवटच्या शब्दावर स्वर सोडतो; नटाला नुसते त्या स्वरावर पाय टाकायचा असतो. विंगेत प्रॉम्प्टर असतो. कलावंत हंगामात वेगवेगळ्या मंडळींबरोबर रोज वेगळे नाटक करतात, त्यामुळे त्याच्याशिवाय पान हलत नाही. पुढच्या रांगेत तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेल्यांना त्याचे वाक्य आधी ऐकू येते, नटाचे नंतर. याने रसभंग व्हावा, पण होत नाही. आजी गोष्ट सांगताना मधूनच चुलीतले लाकूड सरकवते, तशीच ही अडचण सवयीची झालेली असते. गाणे आवडले तर 'वन्स मोअर' होतो, मंचावर बक्षिसाची नोट येते, देणाऱ्याचे नाव माइकवर पुकारले जाते, आणि घराबाहेर काढलेली सून पुन्हा पहिल्या कडव्यापासून रडू लागते.

याच्या मुळाशी दंडार आहे. पुरुषांनीच बायकांची सोंगे घ्यायची, गात-नाचत पुराणातले किंवा लोककथेतले आख्यान लावायचे, ही या मुलखातली जुनी रीत. खडीगंमत हा इथला तमाशासारखा खेळही तसाच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणल्यावर मराठी संगीत नाटकाचा जो जमाना सुरू झाला, त्याचे पडदे, पदे आणि ऑर्गन इथवर पोचले. शाकुंतलातही शापाने विसरलेला राजा आणि माशाच्या पोटात सापडलेली अंगठी आहेच. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाचा बहर ओसरला. झाडीपट्टीत गाणे टिकले, कारण इथे ते जाणकारीची परीक्षा घेत नाही, गोष्टीला पुढे ढकलते.

नाटक पाहुण्यांशिवाय होत नाही. गावचे मंडळ ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेते, तिकिटे लावते आणि उरलेला पैसा अनेकदा देवळाला किंवा गावाच्या कामाला जातो. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, सोयरिकीची बोलणी निघतात. रंगमंचावर सासू वाईट वागत असताना मांडवात खऱ्या सुना आणि खऱ्या सासवा शेजारी-शेजारी बसलेल्या असतात, हा तपशील या नाटकाच्या कोणत्याही अभ्यासात यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा शंकरपट काही वर्षे थांबले, नाटके चालू राहिली.

गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे वडसा, हे नाट्यमंडळ्यांचे मुख्य ठाणे. गावोगावचे लोक इथे येऊन नाटक ठरवतात. याच जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. करोनाच्या साथीत हंगामाला मोठा फटका बसला होता. आता मांडव पुन्हा भरतात. तक्रारी आहेतच. नाच वाढले, गोष्ट आखडली, नाव खपते म्हणून मुंबईचे मालिकेतले चेहरे आणावे लागतात, असे जुने प्रेक्षक म्हणतात. त्यातली नाचाची तक्रार खरी आहे. मात्र मधला नाच लांबला म्हणून नावडतीचा प्रवेश गाळला, तर तिकिटाचे पैसे परत मागायला पहिल्यांदा बायाच उठतील.