अंगणातले खेळ व परिसरफेरी (बालशिक्षण)

पाळणाघरात, बालवाडीत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या मुलांना रोज काही वेळ खोलीबाहेर मोकळे खेळू देणे आणि अधूनमधून फाटकाबाहेर जवळपास फिरवून आणणे, ही दोन कामे बालशिक्षणात जोडीने येतात. पहिल्याला मुक्त खेळ आणि दुसऱ्याला परिसरफेरी किंवा परिसरभेट म्हणतात. पालकांच्या लेखी दोन्ही म्हणजे ‘नुसतं खेळणं’, आणि वर्षातून एकदा बस ठरवून होते तीच खरी सहल. तीन-चार वर्षांच्या मुलाला विचाराल, तर हा क्रम बरोबर उलटा लागेल.

लहान मुलांच्या शाळेचे बागेशी नाते जुने आहे. जर्मनीत फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मुलांनी स्वतः वाफे सांभाळणे हा तिथल्या कार्यक्रमाचा भाग होता. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत रेचेल व मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये उघड्यावरची शिशुशाळा काढली, ती मात्र आधी आरोग्यासाठी. कोंदट खोल्यांत वाढणाऱ्या पोरांना ऊन, वारा आणि अंघोळ मिळावी, एवढा साधा हेतू त्यामागे होता.

महाराष्ट्रात ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला (तेव्हा ठाणे, आता पालघर जिल्हा) आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले तिथवर येईनात. तेव्हा बायांनीच सामान उचलले आणि मुलांच्या दारात, सारवलेल्या अंगणात शाळा भरवली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबरोबर काम करताना आणखी एक अडचण पुढे आली : गुरे राखायला जाणारी मुले शाळेत कशी येणार? मग शाळाच गुरांमागे कुरणात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ हे नाव पडले. महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने यांवरच मोजणी आणि रंग-आकारांची ओळख होई. म्हणजे इथे मुलांना बाहेर न्यायचा प्रश्नच नव्हता. मुले बाहेरच होती, शाळा त्यांच्याकडे गेली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांचे नावही अंगणवाडीच. शहरांतल्या कित्येक अंगणवाड्या आज भाड्याच्या एका खोलीत भरतात. नावात अंगण आणि उंबऱ्याबाहेर गटार, अशी त्यांची अवस्था असते. अशा ठिकाणी देवळाचे आवार, समाजमंदिराचा ओटा किंवा पालिकेची बाग सकाळच्या वेळी मागून घेणे हाच उपाय उरतो.

अंगणात फार काही लागत नाही. घसरगुंडी आणि झोपाळा असला तर उत्तम (एप्रिल-मेमध्ये पत्र्याची घसरगुंडी ताईंनी आधी हात लावून पाहावी), पण जास्तीत जास्त वेळ मुले रमतात ती वाळूत. ओल्या वाळूत पाय खुपसायचा, वरून थापायचे, मग श्वास रोखून पाय हळूच मागे घ्यायचा : खोपा तयार. कोरड्या वाळूचा खोपा ढासळतो. दोनदा ढासळला की मूल न सांगता करवंटीतून पाणी घेऊन येते. वाळूच्या हौदावर रात्री झाकण मात्र हवे, नाहीतर मांजरे त्याचा भलताच उपयोग करतात.

सामूहिक खेळांपैकी तळ्यात-मळ्यात, शिवाशिवी आणि ‘मामाचं पत्र हरवलं’ या वयाला झेपतात. लगोरी, खो-खो यांचे नियम अजून डोक्यावरून जातात. पूर्वी वाड्यात किंवा चाळीत मोठ्यांच्या खेळात धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेत. तो बाद होत नसे, पण पळायला मात्र मिळे आणि पाहता पाहता नियम अंगवळणी पडत. बालवाडीत सगळी एकाच वयाची असल्याने लिंबूटिंबू कुणीच नसतो. तिथे बाद होण्याचा नियमच काढून टाकलेला बरा.

किती वेळ खेळावे, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस स्पष्ट आहे : तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यातली निदान ६० मिनिटे चांगली धावपळीची असावीत. सतरंजीवर हाताची घडी घालून पाढे म्हणणाऱ्या वर्गात हा हिशेब जुळत नाही.

परिसरफेरीची ठिकाणे ठरलेलीच : पोस्ट, किराणा दुकान, भाजी मंडई, कुंभाराचे चाक, गोठा, रोपवाटिका, एसटी स्टँड. अंतर मुलाच्या पावलांनी मोजावे. दोनशे मीटरवरच्या पोस्टात पोचायला अर्धा तास लागू शकतो, कारण वाटेत मुंग्यांची रांग असते, आणि एक मुंगी मेलेली माशी ओढत नेत असते. पोस्टाची पेटी राहिली तरी चालेल. ती रांग सोडून मुलांना पुढे ओढू नये. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मऊ लाल मृगाचे किडे दिसतात, तेव्हा तर फाटकापर्यंतच फेरी संपते.

तयारीत लांबलचक दोरीला हातभर अंतरावर गाठी मारतात आणि प्रत्येक मूल एकेक गाठ धरते. निघताना, पोचल्यावर आणि परतताना डोकी मोजायची. बालसंगोपन व बालशिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे आणि तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठे माणूस सांगितले आहे. रस्त्यावर उतरल्यावर हे प्रमाण पुरत नाही. पाच-सहा मुलांमागे एक जण तरी हवाच. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघीच असतात, म्हणून एखादी आई, एखादी आजी बरोबर घ्यावी लागते. पिशवीत पाणी, कोरड्या चड्ड्या आणि पालकांचे फोन नंबर असावेत. मुलाचे नाव छातीवर मोठ्या अक्षरांत लावू नये. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचाच समजते.

शरीर-मनाच्या वाढीची कारणे न सांगताही महाराष्ट्रात एक फेरी बहुतेक बालवाड्यांतून निघतेच : आषाढी एकादशीची बालदिंडी. पुठ्ठ्याचे टाळ, कागदी पताका, कुंडीतली तुळस आणि कमरेवर हात ठेवलेला साडेतीन वर्षांचा विठोबा. ती देवळापर्यंत ठरल्या वेळेला सहसा पोचत नाही. रखुमाईचा पदर सुटतो, विठोबाला शू लागते, आणि सगळी दिंडी पारापाशी थांबून भिजलेल्या कुत्र्याकडे बघत बसते.