डावखुरेपणा

नेमकेपणा लागणाऱ्या कामांसाठी डावा हात आपसूक पुढे येणे म्हणजे डावखुरेपणा. २०२० साली वीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या तेव्हा जगातले प्रमाण १०.६ टक्के आले. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा किंचित जास्त असते. चिंपांझींतही एकेकाचा आवडता हात ठरलेला असतो, पण जवळपास सगळी जमात एकाच बाजूला झुकलेली दिसत नाही. माणसाचा हा कल जुना आहे: मांस किंवा कातडे दातांत धरून दगडी पात्याने कापताना निअँडरथलांच्या दातांवर जे ओरखडे उठले, त्यांच्या तिरकेपणावरून तेही बहुतेक उजवेच होते असे दिसते. म्हणून अभ्यासकांपुढचा प्रश्न दुहेरी आहे. बहुसंख्य लोक उजवे का, आणि तरीही डावखुरे नाहीसे का झाले नाहीत?

मोजणी

मुंबईत मोजणी करताना जेवणाचा हात आधी बाद करावा. पंगतीत, आणि देवळात तीर्थ घेतानाही, उजवाच हात पुढे करायला लहानपणापासून शिकवतात. त्यामुळे पक्का डावखुराही भात उजव्याने कालवतो. लिहिण्याचा हात जुन्या पिढीत शाळेने बदललेला असू शकतो. रिचर्ड ओल्डफील्ड यांच्या १९७१ च्या एडिनबरा प्रश्नावलीत दहा कृती आहेत. आपल्याकडे त्यांतल्या चमच्यासारख्या कृती गाळून चेंडू फेकणे, दात घासणे, काडी पेटवणे, कात्री चालवणे, सुईत दोरा ओवणे, बाटलीचे झाकण फिरवणे अशा घ्याव्यात. नुसते विचारू नये, करून दाखवायला सांगावे. वस्तू माणसाच्या अगदी समोर, मधोमध ठेवावी. बाजूला ठेवली तर जवळचा हात पुढे येतो. उजव्याने केलेल्या कृतींतून डाव्याने केलेल्या वजा करून, एकूण कृतींनी भागून शंभराने गुणायचे. उणे १०० म्हणजे पूर्ण डावा, अधिक १०० म्हणजे पूर्ण उजवा. ३ उजव्याने आणि ७ डाव्याने केल्या तर उत्तर उणे ४०, म्हणजे डावखुरा, पण मिश्र. असे मिश्र लोक पुष्कळ असतात, आणि ‘डावा की उजवा’ एवढाच प्रश्न विचारला की ते हिशेबातून निसटतात.

सर्वांत मोठी गफलत क्रिकेटमुळे होते. शिवाजी पार्कच्या नेट्समध्ये डावरी बॅटिंग करणारे प्रत्येक पोर डावखुरे धरले की आकडा फुगतो. डावऱ्या बॅट्समनचा मुठीवरचा वरचा हात उजवा असतो, त्यामुळे लिहिण्या-फेकण्यात उजवे असलेले अनेकजण डावरी बॅटिंग करतात. उलट सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, बॅटिंग आणि बोलिंग मात्र उजव्या हाताने करतो.

कुटुंब

‘आमच्या घरात कुणीच डावरे नाही, मग हा कसा?’ या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबात आहे. आई-बाप दोघे उजवे असतील तर मूल डावखुरे निघण्याची शक्यता साधारण ९.५ टक्के, एक डावखुरा असेल तर १९.५, दोघे असतील तर २६. दहांत एक डावखुरा धरून, प्रत्येकी एक मूल असलेली १००० जोडपी घ्या. त्यांत सुमारे ८१० जोडपी दोन्हीकडून उजवी, १८० एक उजवा-एक डावखुरा अशी, १० दोन्हीकडून डावखुरी. डावखुरी मुले अनुक्रमे ७७, ३५ आणि ३. म्हणजे तीनांतली दोन डावखुरी मुले उजव्या आई-बापांचीच असतात.

जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे २५ टक्केच निघतो. एकसारख्या जुळ्यांतही एक डावा आणि एक उजवा अशी जोडी नवलाची नाही. एकच जनुक हात ठरवतो ही कल्पना आता मागे पडली आहे. २०२० मध्ये सुमारे १७ लाख लोकांच्या तपासणीत डावखुरेपणाशी संबंधित ४१ जनुकीय जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी छोटा होता. कल जन्माआधीच दिसतो. पीटर हेपर यांनी गर्भात अंगठा चोखणाऱ्या ७५ मुलांना पुढे तपासले: उजवा चोखणारी ६० च्या ६० उजवी झाली, डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी.

उत्क्रांती

मिशेल रेमाँ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेला ‘लढाईचा सिद्धान्त’ असा: समोरासमोरच्या झुंजीत डावखुऱ्याची सवय प्रतिस्पर्ध्याला नसते, म्हणून तो विरळा असेपर्यंतच फायद्यात राहतो. तलवारबाजी, बॉक्सिंग, टेबल टेनिस यांत डावखुरे खरोखरच जास्त दिसतात. चेंडूच्या खेळांत प्रतिक्रियेला वेळ जितका कमी तितके ते अधिक, हे फ्लोरियन लॉफिंग यांनी २०१७ मध्ये दाखवले. खेळातला हा फायदा पक्का मानावा. पण त्यावरून पूर्वजांत डावखुऱ्यांना अधिक संतती झाली असे ठरत नाही. ती पायरी अजून कच्ची आहे. सहकार्याचा जोर उलट दिशेने असतो: हत्यार एकमेकांचे वापरायचे आणि कसब बघून शिकायचे, तर सगळ्यांचा हात एक असलेला बरा. स्पर्धा आणि सहकार्य यांच्या या ओढाताणीत डावखुरे थोडे पण टिकून राहतात, असे गणिती प्रारूप डॅनियल एब्रम्स आणि मार्क पॅनाजिओ यांनी २०१२ मध्ये दिले.

वर्गात आणि कारखान्यात

हात बदलायला लावल्यास बहुधा फक्त लिहिणे बदलते, बाकी कामे डाव्यानेच होत राहतात. त्यापेक्षा वहीचा वरचा काठ उजवीकडे झुकवावा, हात ओळीच्या खाली ठेवावा आणि पेन टोकापासून सुमारे तीन सेंटिमीटरवर धरायला सांगावे. नाहीतर मनगट वरून वळते आणि ओली शाई तळव्याने पुसली जाते. दोघांच्या बाकावर डावखुऱ्याला डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे कोपरे भिडत नाहीत. शिवणाच्या कारखान्यात एकच कात्री सगळे वापरतात, तिथे अडचण पात्यांची असते: उजव्या हाताच्या कात्रीत अंगठ्याचा दाब पाती एकमेकांना चिकटवतो, डाव्या हातात तोच दाब त्यांना दूर ढकलतो आणि कापड मध्ये दुमडते. कात्री उलटी धरून उपयोग नाही, पात्यांचा क्रम तोच राहतो. डाव्या हाताची वेगळी कात्रीच घ्यावी लागते.