कंपनीचे टायर उतरवल्यावर काय चढवायचं?

मे महिना सरत आला की वाळपई, डिचोली, फोंड्याच्या टायर दुकानांसमोर पिकअप गाड्या उभ्या दिसू लागतात. वर्षभर ढकललेलं काम पावसाच्या तोंडावर आठवतं. गाडीबरोबर आलेल्या टायरचा गोटा झालेला असतो आणि दुकानदार विचारतो, "पात्रांव, तेच घालायचे की जाडे?" बहुतेकांचं उत्तर 'जाडे' असतं, कारण जाड नक्षीच्या टायरवर गाडी रुबाबदार दिसते. गोव्यात या प्रश्नाचं उत्तर रुबाबापेक्षा पाण्याला आणि वजनाला विचारून द्यावं, असं माझं मत आहे.

कंपनीने दिलेले टायर वाईट नसतात. पण तीच गाडी जैसलमेरला विकायची असते आणि पणजीलाही. मायलेज चांगलं दिसावं, आवाज कमी यावा, किंमत आटोक्यात राहावी, हे सगळं सांभाळून ते निवडलेले असतात. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कारखान्यातल्या निवडीत या चार महिन्यांना फारसं वजन नसतं.

आधी टायर रस्त्याला किती टेकतो ते पाहू. रिकामी पिकअप 1,600 किलोची धरली तर एका चाकावर सरासरी 400 किलो येतात. हवा 36 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो दाब. भागाकार केला की उत्तर येतं 160 चौरस सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम माणसाच्या पंजाएवढी जागा. ब्रेक, वळण, घाटातला उतार, सगळं अशा चार पंज्यांवर चालतं.

आता रस्त्यावर 3 मिलिमीटर पाणी आहे असं समजा. नक्षीची रुंदी 18 सेंटीमीटर आणि वेग ताशी 60 किलोमीटर असेल, तर एका पुढच्या चाकाला दर सेकंदाला 9 लिटर पाणी वाटेतून दूर करावं लागतं. हे काम नक्षीच्या खाचा करतात. नव्या टायरमध्ये त्या साधारण 8 मिलिमीटर खोल असतात. खाचेत बोट फिरवलं की मधेमधे रबराचे छोटे उंचवटे लागतात. त्यांची उंची 1.6 मिलिमीटर असते आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कायद्याने टायर संपला. माझ्या मते गोव्यात 3 मिलिमीटरलाच टायर बदलावा, आणि तोही पावसाआधी.

पाणी दूर झालं नाही तर चाक त्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवरून यासाठी एक सूत्र मांडलं. पाणी पुरतं साचलेलं असेल आणि नक्षीतून त्याला वाट मिळत नसेल, तर चाक तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. 36 पीएसआयला तो ताशी 100 किलोमीटर येतो, तर 25 ला 83. म्हणजे हवा कमी ठेवली की 'पकड वाढते' ही समजूत पावसात घात करते. हॉर्न यांनीच पुढे ट्रककडे लक्ष वळवलं आणि दिसलं की रिकाम्या ट्रकचे टायर या सूत्राच्या अंदाजापेक्षा बऱ्याच कमी वेगाला तरंगू शकतात. वजन उतरलं की टेकलेली जागा आखूड होते, पण रुंदी तेवढीच राहते. बेळगावहून चोर्ला घाटातून भाजी आणून म्हापशाला उतरवली की पिकअपचा मागचा भाग असाच हलका होतो. भरल्या हौद्याची धास्ती सगळ्यांना असते, रिकाम्याची कोणालाच नसते.

खाचांनी पाणी काढलं तरी रस्ता ओलाच राहतो आणि तिथे पकड रबरावर ठरते. ताशी 60 ला सव्वादोन मीटर घेराचा टायर सेकंदाला साधारण साडेसात वेळा फिरतो. दर फेरीला रबर दबतं, सुटतं आणि थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणजे डिझेल जातं. ब्रेक मारल्यावर मात्र तेच रबर खडीच्या बारीक टोकांवरून घासताना सेकंदाला हजारो वेळा दबतं. तिथे जितकी ऊर्जा जिरेल तितकी पकड जास्त. म्हणजे रबराने संथ हालचालीत ऊर्जा राखावी आणि जलद हालचालीत उधळावी, अशी उलटसुलट अपेक्षा असते. टायरला काळा रंग देणाऱ्या कार्बनच्या काजळीबरोबर किंवा तिच्याऐवजी सिलिका मिसळायची पद्धत 1990 च्या दशकात रुजली आणि हे बरंचसं साधलं. आपल्याकडे टायरची ओली पकड आणि फिरण्याचा विरोध मोजायला एआयएस-142 हे मानक आहे. दुकानात भावाच्या आधी ओल्या पकडीबद्दल विचारा. उसगावला एमआरएफचा कारखाना असल्यामुळे 'आपल्याकडचा टायर आपल्या रस्त्याला चालतो' असंही ऐकू येतं. टायर कुठे बनला यापेक्षा कशाचा बनला हे महत्त्वाचं.

जाड गट्टूंचे चिखलाचे टायर सत्तरीतल्या काजूच्या बागायतीत, जांभ्याच्या निसरड्या लाल मातीत खरोखर उपयोगी पडतात. ओल्या डांबरावर मात्र ते सहसा कमी पडतात, कारण गट्टूंमधली मोकळी जागा जास्त आणि टेकणारं रबर कमी. रोज अर्धा दिवस कच्च्या रस्त्यावर जात नसेल तर मधल्या जातीचे, ज्यांना ऑल-टेरेन म्हणतात ते, पुरेसे आहेत.

साइज बदलताना आकडेमोड करा. 215/75 आर15 (रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 75 टक्के, रिम 15 इंची) च्या जागी 235/75 आर15 बसवला तर व्यास 703 वरून 733 मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. स्पीडोमीटर पूर्वीच्या मानाने तेवढाच मागे पडतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि वळणात टायर मडगार्डला घासू शकतो. त्याहून महत्त्वाचा आकडा वजनाचा. साइजपुढे 100 असेल तर त्या टायरची क्षमता 800 किलो, 112 असेल तर 1,120. कंपनीच्या टायरवर होता त्याहून कमी आकडा माल वाहणाऱ्या गाडीला घेऊ नका, टायर कितीही देखणा असो. जास्त वजनाने बाजू वाकत राहते, तापते आणि आतले थर सुटतात.

कडेवरचे चार अंकही वाचा. 2325 म्हणजे 2025 सालचा 23 वा आठवडा. दुकानात तीन-चार वर्षं पडलेला टायर 'नवा' म्हणून घेऊ नये.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते, मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा बुळबुळीतपणा थोडे दिवस राहतो. पहिले दीडदोनशे किलोमीटर घाटात जरा बेतानं चालवा आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.