बरणीतल्या तीनशे माश्या

मधपेटीतली पिल्लांनी भरलेली एक चौकट उचलायची. राणी तिच्यावर नाही ना, हे दोनदा बघायचं आणि मग चौकटीवरच्या साधारण तीनशे माश्या जाळीचं झाकण असलेल्या बरणीत झटकायच्या. तीनशे माश्या म्हणजे अर्धा कप, एकेक मोजावी लागत नाही. वरून दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी हलकेच घोळवायची, मिनिटभर थांबायचं आणि ती उलटी करून पांढऱ्या ताटात साखर चाळायची. साखरेबरोबर तांबूस-तपकिरी, चपटे, मोहरीच्या बारीक दाण्याएवढे ठिपके पडतात. थोडं पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि ठिपके उघडे पडतात. पांढऱ्याफटक झालेल्या माश्या पेटीत परत जातात आणि बाकीच्या माश्या त्यांना चाटून स्वच्छ करतात.

ते ठिपके म्हणजे व्हरोआ माइट, मधमाशीवर जगणारा परजीवी. पेटीत औषध घालायचं की नाही, हा जगभरच्या मधपाळांना भांडायला लावणारा प्रश्न ताटातल्या या मोजणीपासून सुरू व्हायला हवा. बहुतेकदा तो भीतीपासून सुरू होतो, नाहीतर तत्त्वापासून.

व्हरोआ ही गोचिडीची दूरची नातलग. मादी जेमतेम दीड मिलिमीटर रुंद असते. पण मधमाशीच्या मानाने तिचा आकार पाहिला, तर आपल्या अंगाला भाकरीएवढी गोचीड चिकटल्यासारखं ते होईल. मुळात हा परजीवी आशियाई मधमाशीचा, म्हणजे आपल्या सातेरीच्या जातीचा. १९०४ साली जावा बेटावरच्या नमुन्यांवरून त्याच्या एका जातीची नोंद झाली. जगभर मोहोळं मारणारी जात वेगळी आहे, हे कळायला मात्र २००० साल उजाडलं आणि तिला ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ हे नाव मिळालं. युरोपीय मधमाशी, म्हणजे आपले मधपाळ जिला मेलिफेरा म्हणतात ती, माणसाने आशियात आणली. तिथे शेजारच्या जातीवरून माइट तिच्यावर चढला आणि पेट्यांच्या वाहतुकीबरोबर जगभर पसरला. अमेरिकेत तो १९८७ साली सापडला, ब्रिटनमध्ये १९९२ साली. ऑस्ट्रेलिया बरीच वर्षं वाचली होती. तिथे २०२२ साली न्यूकॅसल बंदराजवळ तो सापडला आणि हजारो पेट्या नष्ट करूनही सप्टेंबर २०२३ मध्ये उच्चाटनाचा नाद सोडून द्यावा लागला.

त्याचं पुनरुत्पादन समजून घेतल्याशिवाय मोजणीचा अर्थ लागत नाही. अळीच्या घरावर कामकरी माश्या मेणाचं झाकण घालणार, त्याच्या थोडं आधी मादी माइट आत शिरते आणि अळीच्या अन्नात दडून बसते. झाकण पडल्यावर सुमारे तीन दिवसांनी ती पहिलं अंडं घालते. त्यातून नर निघतो. पुढे साधारण तीस-तीस तासांनी ती मादीची अंडी घालत जाते. त्या बंद खोलीत भावंडांचंच मीलन होतं. बारा दिवसांनी नवी कामकरी माशी बाहेर येते, तेव्हा आई आणि वाढ पूर्ण झालेल्या एक-दोन लेकी तिच्याबरोबर बाहेर पडतात. नर माशीचं घर दोन-तीन दिवस जास्त बंद राहतं, म्हणून तिथे लेकी जास्त तयार होतात, आणि म्हणूनच माइटला नरांची घरं फार आवडतात. पिल्लांची वाढ जोरात असेल, तर महिन्याभरात माइटची संख्या दुप्पट होऊ शकते.

हा माइट माशीचं रक्त पितो, असं कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. २०१९ साली सॅम्युएल रॅम्सी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की प्रौढ माशीवर असताना तो मुख्यतः तिच्या शरीरातल्या मेदपिंडावर जगतो. हे मेदपिंड म्हणजे माशीची कोठीही आणि यकृतही. साठवण, विषाचा निचरा, रोगप्रतिकार ही सगळी कामं तिथेच चालतात. शिवाय माइट तोंडावाटे विषाणू आत सोडतो. हवाई बेटांवर हे जवळजवळ प्रयोगासारखं पाहायला मिळालं. माइट येण्यापूर्वी पंख वेडेवाकडे करणारा विषाणू तिथल्या सुमारे दहा टक्के वसाहतींत होता. माइट पोहोचल्यावर तो जवळजवळ सगळ्यांत दिसू लागला आणि त्याच्या अनेक प्रकारांपैकी एकच प्रकार वरचढ झाला. पेटीसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या सरपटताना दिसू लागल्या, की उशीर झालेला असतो. डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं नाही, आधी मोजायचं, ते यासाठी.

आता ताटाकडे वळू. तीनशे माश्यांत नऊ माइट म्हणजे तीन टक्के. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पेटीत तीस हजार माश्या असतील, तर माश्यांच्या अंगावरच नऊशे माइट झाले. पिल्लं भरपूर असताना त्याच्या दुपटीहून जास्त झाकलेल्या घरांमध्ये असतात, बरणीला न दिसणारे. म्हणजे एकूण अडीच-तीन हजार. साखरेने सगळे माइट सुटत नाहीत, त्यामुळे खरा आकडा त्याहूनही थोडा वरच असणार. सर्वसाधारणपणे दोन ते तीन टक्क्यांच्या वर गेलं, की उपचार करा असा सल्ला दिला जातो, आणि मला तो पटतो. एक टक्क्याला औषध ओतायची घाई नको. महिन्याभराने पुन्हा मोजावं.

भारतात एक मेख आहे. आग्या मोहोळावरचा ट्रोपिलिलॅप्स नावाचा आणखी लहान, चपळ माइट आपल्याकडे मेलिफेराच्या पेट्यांतही शिरतो. तो प्रौढ माशीवर पोसू शकत नाही, बहुतेक वेळ झाकलेल्या घरांमध्येच काढतो. बरणीतली साखर त्याला जवळजवळ पकडतच नाही. त्यासाठी चौकट ताटावर आपटून पाहावी लागते, थोडी घरं उघडून बघावी लागतात. फक्त बरणीवर विसंबून ‘माझी पेटी स्वच्छ’ म्हणणारा इथे फसू शकतो.

औषधं कोणती? फ्लुव्हॅलिनेट, कुमाफॉस यांसारखी कीटकनाशकं सुरुवातीला जादूसारखी चालली. मग माइट त्यांना सरावले आणि औषधं मेणात मुरून बसली. उत्तर अमेरिकेतल्या मेणाची जी मोठी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळजवळ प्रत्येक नमुन्यात ही दोन्ही सापडली. मेण वितळवून पुन्हा पोळ्याचा पाया करायचा, म्हणजे तीच औषधं पुढच्या पिढीच्या पाळण्यात. याउलट फॉर्मिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल आणि थायमॉल. थायमॉल म्हणजे अमृतधारेत पडणारं आपलं ओव्याचं फूल. हे पदार्थ मेणात तसे साठून राहत नाहीत, पण तापमान आणि वेळ पाहून वापरावे लागतात. फॉर्मिकची वाफ झाकणातून आत शिरते, ही तिची मोठी ताकद. पारा तिशीच्या वर गेला, की तीच वाफ राणीलाही मारू शकते. मे महिन्यातल्या मराठवाड्यात तिचं नावही काढू नये. ऑक्झॅलिक आम्ल माश्यांच्या अंगावरचे माइट मारतं, झाकणाखालचे नाही. थंड देशांत हिवाळ्यात पिल्लं नसतात तेव्हा ते उत्तम चालतं. आपल्याकडे राणी अंडी घालायची क्वचितच पूर्ण थांबते, म्हणून तिला तीन आठवड्यांहून थोडं जास्त पिंजऱ्यात ठेवून तशी संधी मुद्दाम निर्माण करावी लागते. कष्टाचं काम आहे. पण तेवढ्यात ट्रोपिलिलॅप्सही उपाशी मरतो, हा दुहेरी लाभ. आणि उपचारानंतर पुन्हा बरणी. आकडा खाली आला नसेल, तर औषध चाललेलं नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

औषध अजिबात नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. दुबळ्या माश्यांना औषधावर जगवत राहिलं, तर सशक्त माश्या तयार व्हायच्या कशा? स्वीडनमधल्या गॉटलंड बेटाच्या दक्षिण टोकाला १९९९ साली याचाच प्रयोग झाला. दीडशे वसाहती ठेवल्या, त्यांना माइट दिले आणि औषध बंद केलं. पहिल्या तीन वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त वसाहती मेल्या. उरलेल्या तगल्या, आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की त्यांच्यात माइटची वीण खरोखरच कमी होते. म्हणजे निसर्गनिवड काम करते. पण ती जागा एकाकी होती. आपल्या पेट्या कांद्याच्या बियाण्याच्या शेतात, डाळिंबाच्या बागेत, दुसऱ्याच्या पेट्यांना खेटून उभ्या असतात. माइटने पोखरलेली वसाहत कोसळू लागली, की शेजारच्या माश्या तिचा मध लुटायला येतात आणि माइट घेऊन घरी जातात. पाच पेट्यांच्या मालकाने घातलेली ही पैज दीडशे पेट्यांवर पोट असणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बसते. त्यापेक्षा वर्षभर आकडे लिहून ठेवावेत. आकडा वाढला तिथे औषध द्यावं आणि पुढे त्या पेटीतली राणी बदलावी. औषधाशिवाय ज्यांचा आकडा खालीच राहिला, त्यांच्याच लेकी वाढवाव्यात. वसाहत न मरताही निवड होते.

हे सगळं मेलिफेराबद्दल. महाबळेश्वर, पाटणच्या डोंगरातल्या सातेरी पाळणाऱ्याने हाच सल्ला उचलून पेटीत आम्ल घातलं, तर मला खरंच वाईट वाटेल. सातेरीचा व्हरोआशी फार जुना संसार आहे. ती एकमेकींच्या अंगावरचे माइट काढते, लागण झालेली पिल्लं लवकर मरतात आणि ती बाहेर फेकली जातात. कामकरींच्या घरांत माइटची वीण जवळजवळ होतच नाही, नरांच्याच घरांत होते. सातेरीची खरी संकटं वेगळी आहेत. १९९० च्या दशकात दक्षिण भारतात हजारो वसाहती संपवणारा थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग आणि दुबळ्या वसाहतीत घुसणारा मेणकिडा, यांपैकी कशावरही माइटचं औषध चालत नाही.

सातेरीच्या पेटीत नरांची घरं पाहायला मिळाली, तर त्यांची झाकणं नीट बघा. उंच टोपीसारखी असतात, मधोमध एक बारीक छिद्र, आणि झाकण इतकं कडक की आतल्या धडधाकट नरालाच ते फोडता यावं. फार माइट लागून खंगलेला नर ते फोडू शकत नाही. कामकरी माश्याही ते उघडत नाहीत. नर आत मरतो आणि त्याच्याबरोबर सगळे माइटही.