व्यायामजन्य नडगी-पोटरीदुखी

धावताना, उड्या मारताना किंवा कवायत करताना गुडघ्याखाली होणारे व बहुधा विश्रांतीने उतरणारे दुखणे. धावपटू, नर्तक, सैनिक आणि पोलीसभरतीसाठी एकाएकी डांबरी रस्त्यावर पळू लागलेली मुले यांच्यात ते विशेष आढळते. ‘पाय भरून आले’ म्हणून त्याची बोळवण होते. पण मूळ हाडात, स्नायूंत, नसेत किंवा रक्तवाहिनीतही असू शकते आणि त्यानुसार उपचार बदलतो.

निदानात तपासण्यांइतकीच हकिकत महत्त्वाची. शिन स्प्लिंट्समध्ये, म्हणजे वारंवारच्या ताणाने नडगीच्या हाडाला होणाऱ्या दुखण्यात, नडगीची आतली कड खालच्या बाजूस दुखते. अंग तापले की दुखणे सुरुवातीला ओसरतेही. बोटाने दाबत गेल्यास ५ सेंमी. किंवा अधिक लांबीचा पट्टा दुखरा लागतो. तेच दुखणे एका बोटाखाली मावत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असल्याची शंका घ्यावी. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत ती बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून केवळ एक्स-रे पाहून पळायची मुभा देणे धोक्याचे.

कंपार्टमेंट सिंड्रोमची तऱ्हा निराळी. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत असतात. व्यायामात ते फुगतात, पण कप्प्याचे आवरण पुरेसे ताणले जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. दर वेळी साधारण तेवढेच अंतर पळल्यावर नडगीबाहेरचा स्नायू दगडासारखा होतो, पाऊल बधिरते. थांबले की थोड्या वेळात सारे पूर्ववत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाय ठणठणीत, त्यामुळे रोग्याला पळवूनच तपासावे लागते. कप्प्यात सुई घालून दाब मोजतात. १९९० पासून रूढ असलेल्या निकषांनुसार विश्रांतीत १५, व्यायामानंतर एका मिनिटाने ३० किंवा पाच मिनिटांनी २० मिमी. पारा व त्याहून अधिक दाब दोषदर्शक मानतात; मात्र निरोगी माणसांतही हे आकडे कधीकधी ओलांडले जातात, तेव्हा त्यांवर एकट्यावर विसंबू नये. तरुणाच्या पोटरीत चालताना कळ येत असेल, तर गुडघ्यामागील धमनी स्नायूने दाबली जाते का, हे डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) पाहतात.

शिन स्प्लिंट्सला पळणे कमी करून सायकल वा पोहणे, पोटरीचे व्यायाम आणि हळूहळू वाढवलेला सराव पुरतो. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये पळणे बंदच. आहार, ड जीवनसत्त्व व मुलींत पाळीची अनियमितता यांचीही चौकशी करावी. नडगीच्या पुढच्या कडेवरची चीर सर्वांत हट्टी. तिला कधी सळईही घालावी लागते. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये टाचेऐवजी चवड्यावर पाऊल टाकण्याच्या सरावाने काहींना आराम पडतो. नाहीतर आवरण चिरण्याची शस्त्रक्रिया करतात. पुढच्या कप्प्यात तिला चांगले यश येते, मागच्या खोल कप्प्यात कमी.

थांबल्यावरही कळा वाढतच गेल्या व पाऊल वर उचलेनासे झाले, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे. अशा वेळी काही तासांत स्नायू मरतात.