लिंबोणीची पानं पिवळी पडून गळतात तेव्हा
(आमच्या रोपवाटिकेतून रोप नेलेल्या ग्राहकांसाठी)

आपल्याकडे नुसतं लिंब म्हटलं की कडुलिंब समजतात, म्हणून आधीच सांगतो: हे पत्रक कागदी लिंबाच्या झाडाचं आहे.

दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी पिशवीतून पिवळी पानं काढून काउंटरवर ठेवतं. "भाऊ, पानं पिवळी पडायलीत, एखादं चांगलं खत द्या." खत विकणं हाच आमचा धंदा, तरी आम्ही आधी विचारतो की पाणी किती घालता. "रोज. उन्हाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ." निम्म्या झाडांचा आजार या उत्तरातच सापडतो.

काळी माती वरून भेगाळलेली दिसते, पण चार बोटं उकरलं की खाली चिखल असतो. मुळांना हवा लागते. ती मिळाली नाही की तंतुमुळं कुजतात, आणि बुडाशी पाणी असूनही झाड तहानलेलं राहतं. पानं मलूल होतात, ती बघून आपण आणखी एक बादली ओततो. म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती बोटाला चिकटली तर पाणी नको, वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहू द्या. कुंडीतल्या झाडाचं तळाचं भोक काडीने मोकळं करा आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

अंगणातल्या झाडाला दुहेरी आळं करा. खोडाभोवती वीतभर अंतरावर मातीचा छोटा बांध घाला आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात सोडा. दुपारी बाराला झाडाची सावली जिथे संपते, त्या घेराजवळ खाणारी मुळं असतात. खोडाला पाणी लागत राहिलं की डिंक्या येतो: बुडाजवळची साल काळपट होते, तडकते आणि डिंक ओघळतो. तसं दिसलं तर सडलेली साल धारदार चाकूने खरवडून बोर्डोपेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं चालत नाही. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवा.

पाण्याचं गणित नीट असूनही पिवळेपणा जात नसेल, तर मग पान बघा. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आहे की बुडाकडचं जुनं? इथे घाई केली की औषध चुकतं.

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र जाळीसारख्या हिरव्या, ही लोहाची कमतरता. मराठवाड्यात हीच जास्त दिसते, कारण जमिनीत चुनखडी आहे आणि बोअरचं पाणीही जड. घरच्या घरी तपासायचं तर आळ्यातलं सुकं ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे फसफसले की चुनखडी आहे. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. आम्हीही यात एकदा फसलो. चाळीस कुंड्यांच्या मातीत हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मिसळला. आठवड्यात माती तांबूस झाली, पानं मात्र तशीच पिवळी! चुनखडीने लोह गंजासारखं बांधून टाकलं होतं.

म्हणून हिराकस मातीत टाकू नका, पानांवर फवारा. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. रसाने लोह विरघळलेलं राहतं. फवारणी ऊन उतरल्यावर करा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या पदार्थात धरून ठेवलेलं लोह; त्याच्या पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं हवं. स्वस्तातलं 'ईडीटीए' फवारणीला चालतं, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

नवी पानं बारीक, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे असतील तर जस्त कमी आहे. 1 लिटर पाण्याला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरलेला चुना घेऊन, गाळून फवारा. हे आणि हिराकस एका पंपात मिसळू नका. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि देठाकडे हिरवा उलटा 'व्ही' राहिला असेल तर मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 10 ग्रॅम. जुनी पानं सगळीकडून सारखी पिवळी असतील तेव्हा खरोखर भूक आहे. तिथे शेणखत आणि निंबोळी पेंड द्या, आम्ही आनंदाने विकू.

कमतरतेचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बहुधा सारखा असतो. एका बाजूला वेगळे, दुसऱ्या बाजूला वेगळे असे वेडेवाकडे डाग पडले आणि फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, तर सायला या रस शोषणाऱ्या बारीक किडीमुळे पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाची शंका घ्या. त्यावर औषध नाही. झाड काढण्याआधी आम्हाला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा.

पानावर चांदीसारख्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. पान खाणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची. ती हाताने वेचा. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते, लेकरांना ते बघायला फार आवडतं.

गळ दिसली म्हणून लगेच घाबरू नका. शेडनेटमधलं रोप थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवलं, की ते थोडी पानं टाकतंच. पहिले दहा-बारा दिवस दुपारची सावली द्या. बरेच दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं तरी गळ होते. आणि पिवळं झालेलं जुनं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का, ते नव्या पालवीवर बघा.

दुकानात येताना शेंड्याचं एक आणि बुडाकडचं एक पान, आळ्यातली मूठभर माती आणि खोडाच्या बुडाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणा. नुसतं पिवळं पान आणलं, तर आम्ही पहिल्यांदा पाण्याचंच विचारणार.